ग्रंथालयात वर्षं गेली, आता बी.लिब. करावं का?

या वेळच्या टपालात ग्रंथालयांत काम करणाऱ्यांची पत्रं एकदम आली. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, कारेलीबाग, मांजलपूर, वाडी इथली ही मंडळी शाळा-कॉलेजांच्या आणि संस्थांच्या ग्रंथालयांत वर्षानुवर्षं राबतात. काम येतं, पण बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची डिग्री नाही. आता घ्यावी का, असं बहुतेकांनी विचारलंय. उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे, म्हणून पत्रं वेगवेगळीच घेतली आहेत. एवढं मात्र सगळ्यांना लागू: आधी पद ठरवा, त्या पदाची अलीकडची जाहिरात काढून अर्हतेचा परिच्छेद ओळ न् ओळ वाचा, मग प्रवेशाचा फॉर्म भरा. ‘आधी डिग्री तर होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांची वर्षं आणि पैसे दोन्ही जातात.

प्रश्न : मी ३६ वर्षांची. एका खासगी कॉलेजच्या लायब्ररीत नऊ वर्षं असिस्टंट आहे. पुस्तकांची एन्ट्री, इश्यू-रिटर्न, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळचे कागद, सगळं मीच बघते. आमच्या लायब्रेरियन मॅडम तीन वर्षांनी रिटायर होतील. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणतात, ‘डिग्री करून टाका, मग तुमचं बघू.’ बी.ए.ला मला ४७ टक्के आहेत. एक जण एका वर्षात बी.लिब. आणि एम.लिब. दोन्ही करून देतो म्हणतो. काय करू? (दांडिया बाजार)

उत्तर : त्या माणसाला आधी नाही म्हणून कळवा. बी.लिब.आय.एससी. एका वर्षाचं, आणि ते झाल्याशिवाय एका वर्षाच्या एम.लिब.ला प्रवेश नाही. काही विद्यापीठांत पदवीनंतर थेट एकत्रित एम.लिब. असतं, पण तेही दोन वर्षांचंच. एका वर्षात दोन्ही देणारा तुम्हाला कागद विकतोय, आणि तो कागद पडताळणीत पकडला गेला तर आहे ती नोकरीही जाईल.

आता मॅडमच्या जागेबद्दल. कॉलेजचा ग्रंथपाल हे पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत येतं. तिथे ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. किंवा समकक्ष पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान ५५ टक्के, सातत्याने चांगली शैक्षणिक कामगिरी, ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचं ज्ञान, आणि नेट किंवा सेट (पात्रता परीक्षा; नेट देशपातळीवरची, सेट राज्याची), असं सगळं लागतं. (ठरावीक नियमांनी पीएच.डी. झालेल्यांना नेटमधून सूट आहे.) म्हणजे ‘डिग्री करून टाका’ या तीन शब्दांत खरं तर तीन पायऱ्या आहेत: बी.लिब., एम.लिब. आणि नेट.

म्हणून साहेबांना आजच तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. ही जागा मंजूर पदाची आहे का? ती आयोगाच्या वेतनश्रेणीत भरणार की ठोक पगारावर? आणि ‘सातत्याने चांगली कामगिरी’ याचा अर्थ निवड समिती काय लावते? हा तिसरा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. बी.ए.चे ४७ टक्के तिथे आड येऊ शकतात, आणि ते तीन वर्षांनी मुलाखतीच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मंजूर पद म्हणजे वेतनश्रेणीची लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. ठोक पगाराची जागा असेल तर आकडा संस्था ठरवेल; तोही आधीच विचारा, कारण त्यावरच सगळं गणित आहे.

वेळेचा हिशेब तंग आहे. इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. बी.लिब.चा निकाल हातात आला की मगच एम.लिब.चा प्रवेश. दोन वर्षांचा कोर्स निकालाच्या वाटेवर अडीच वर्षांचा होतो. नेटला एम.लिब.च्या शेवटच्या वर्षी बसता येतं, त्याचा फायदा घ्या. नेटमधून पात्रता मिळवायला वयाची अट नाही. वयाची मर्यादा आहे ती फक्त फेलोशिपला. म्हणून ‘आता छत्तिशी झाली’ ही काळजी इथे नको.

४७ टक्क्यांना वाट आहे. इग्नूच्या बी.लिब.ला पदवीत ५० टक्के लागतात, पण पदवीनंतर ग्रंथालयात दोन वर्षं काम केलेल्यांना टक्क्यांची अट न लावता घेतात. तुमची नऊ वर्षं इथे कामी येतील. मात्र प्रवेश अडतो तो अनुभवाच्या दाखल्यावर, आणि तेही फार क्षुल्लक कारणांनी. दाखल्यात नुसतं ‘ऑफिस असिस्टंट’ लिहिलेलं असतं आणि ग्रंथालयाचा उल्लेखच नसतो. तारखा नसतात, ‘गेली नऊ वर्षं’ एवढंच असतं. किंवा नेमणूक एजन्सीमार्फत असते आणि दाखला फक्त एजन्सीचा. दाखला कॉलेजच्या लेटरहेडवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्ण वेळ, ग्रंथालय विभागात, आणि काम काय (दाखलनोंद, देवघेव, वर्गीकरण, तालिकीकरण म्हणजे कॅटलॉगिंग), असा हवा. खाली प्राचार्यांची सही, शिक्का, जावक क्रमांक. एजन्सीची नेमणूक असेल तर दोघांचेही दाखले जोडा.

५५ टक्क्यांची अटही मनात पक्की ठेवा. नेटला हे टक्के पूर्णांकात वाढवून धरत नाहीत, ५४.९ म्हणजे अपात्र. (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे.) दूरशिक्षणात गुण घसरतात ते स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात उरकल्यामुळे. ते घरी बसून लिहायचे असतात, वेळ हातात असतो. तिथे मिळणारे गुण सोडू नका.

आमचा सल्ला: बी.लिब. याच सत्रात सुरू करा. ते तुमच्या कामाचं आहेच. एम.लिब.चा निर्णय साहेबांचं लेखी उत्तर आणि बी.लिब.चे गुण हातात आल्यावर घ्या.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. एका इंग्रजी शाळेच्या लायब्ररीत पाच वर्षं आहे, पगार १४ हजार. बी.कॉम. ६१ टक्के. केंद्रीय विद्यालयात लायब्रेरियन व्हायचंय. एम.लिब. करूनच अर्ज करू का? (मांजलपूर)

उत्तर : नाही. एम.लिब.साठी थांबलात तर वय निघून जाईल. केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपालपदाला बी.लिब. पुरतं, पदवी अधिक ग्रंथालयशास्त्राचा एक वर्षाचा डिप्लोमाही चालतो. वेतन लेव्हल ७, मूळ वेतन ४४,९०० पासून. पण कमाल वय ३५ आहे (राखीव प्रवर्गांची सवलत वेगळी), आणि भरती दर वर्षी निघत नाही. तुमच्याकडे चार वर्षं आहेत आणि तेवढ्यात एखाद-दोन संधी येतील असं धरून चाला. बी.लिब. लगेच करा. निकाल लागल्यापासून परीक्षेच्या तयारीला लागा. एम.लिब. नंतर, नोकरीत राहून.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत ‘लायब्ररी अँड इन्फर्मेशन असिस्टंट’ हे लेव्हल ६ चं पद असतं. त्याला बी.लिब. आणि दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. इथे एक खाच आहे. बऱ्याच जाहिरातींत अनुभव मोजतात तो आवश्यक पदवी मिळाल्यानंतरचा. तुमची शाळेतली पाच वर्षं त्या हिशेबात शून्य धरली जाऊ शकतात आणि मोजणी बी.लिब.च्या निकालाच्या तारखेपासून सुरू होते. तुम्ही आज बी.लिब. लांबणीवर टाकलंत, तर पुढचं प्रत्येक वर्ष काम करूनही कागदावर येत नाही. वय कमी असलेल्या सगळ्याच वाचकांनी हे लक्षात घ्यावं.

गुजरात सरकारच्या भरतीत उतरणार असाल तर पदवीखेरीज दोन गोष्टी लागतात: संगणकाचं प्राथमिक ज्ञान, त्याच्या प्रमाणपत्रासह, आणि गुजराती किंवा हिंदीचं पुरेसं ज्ञान. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असलेल्या आपल्याकडच्या मुलांना गुजराती बोलता फर्डी येते, लिहिताना अडतं. रोज एक पान गुजरातीत लिहायची सवय आत्तापासून लावा.

प्रश्न : मी बारा वर्षं लायब्ररीत आहे. डिग्रीवाले नवे येतात आणि पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मलाच विचारतात. ज्या गोष्टी मी रोज करतो त्याच पुस्तकात वाचायला वर्ष का घालवू? हे कोर्स आम्हाला नवं शिकवतात तरी काय? (वाडी)

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. अनुभवाला या क्षेत्रात कागदावर जेवढी किंमत मिळायला हवी तेवढी मिळत नाही. पण ‘रोज करतो तेच’ हे अर्धंच खरं आहे. एक उदाहरण घेऊन बघू.

तुमच्याकडे मराठी कवितासंग्रहांच्या पाठीवर ८९१.४६१ हा वर्गीकरणाचा नंबर असतो. बारा वर्षांत तो तोंडपाठ झालाय. आता ‘मराठी कवितेचा इतिहास’ या विषयावरचं पुस्तक आलं. नंबर काय द्याल? इतिहासाला ०९ लागतात हे माहीत असतं, म्हणून बहुतेक जण ८९१.४६१०९ लिहून मोकळे होतात. बरोबर नंबर आहे ८९१.४६१००९, मध्ये दोन शून्यं. कारण ड्यूईच्या (पुस्तकांना विषयवार नंबर देण्याच्या) पद्धतीत मराठी साहित्याचा पाया ८९१.४६, त्याला तक्ता ३-बी मधून कवितेसाठी १ जोडतात. एक शून्य देऊन पुढे येणारे आकडे कवितेच्या प्रकारांसाठी राखलेले आहेत: ०२ नाट्यकाव्य, ०३ महाकाव्य, ०४ भावकविता. म्हणून इतिहास, समीक्षा किंवा अनेक कवींचे एकत्र संग्रह यांसाठी आणखी एक शून्य देऊन वेगळी जागा केली आहे. अनेक कवींचा प्रातिनिधिक संग्रह म्हणून ८९१.४६१००८. गुजरातीला ४६ च्या जागी ४७ घाला, हिंदीला ४३. बाकीची मांडणी तीच राहते.

रोजच्या कामात हे का कळत नाही? कारण शंभरातल्या नव्याण्णव पुस्तकांचे नंबर जुन्या पुस्तकावरून उतरवले जातात. जुना चुकला असेल तर तीच चूक वीस वर्षं चालते, आणि वाचकाला कवितेच्या समीक्षेची निम्मी पुस्तकं एका फळीवर, निम्मी दुसऱ्या फळीवर सापडतात. नंबर कसा बनतो ते कोर्स शिकवतो. हे एकदा हातात बसलं की तुम्हाला दुसऱ्या ग्रंथालयाचा नंबर बघावा लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे लेखकाचं नाव. वडोदऱ्यातल्या कुठल्याही जुन्या संग्रहात जा; मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांची पुस्तकं आणि नोंदी बऱ्याचदा रोमन लिपीत. एकच देशपांडे एका नोंदीत एका स्पेलिंगने, दुसरीत दुसऱ्या, तिसरीत आडनावाआधी नाव. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. वाचक एक शोधतो, त्याला तिसरा भाग दिसतो, आणि तो ‘तुमच्याकडे नाही वाटतं’ म्हणून निघून जातो. यावर उपाय म्हणजे नामप्रमाण फाइल: एका लेखकाचं एक अधिकृत रूप ठरवायचं, बाकी रूपांवरून तिकडे निर्देश द्यायचा, आणि मार्क नोंदीच्या (संगणकावरच्या पुस्तकनोंदीचा ठरलेला साचा) १०० क्रमांकाच्या फील्डमध्ये तेच रूप टाकायचं. देवनागरी रूपासाठी ८८० चं फील्ड आहे. आधुनिक लेखक आडनावाखाली, संतकवी त्यांच्या प्रचलित नावाखाली, असे नियमही ठरलेले आहेत. सोल किंवा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती एन्ट्री करत राहून हे शिकता येत नाही, कारण चुकीची एन्ट्रीही सॉफ्टवेअर मुकाट्याने घेतं.

तिसरी, डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणं. पंधरा वर्षांपूर्वी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या नोंदी युनिकोडवर आणल्या नाहीत तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा चुराडा दिसतो. असं का होतं, आणि डेटा हलवण्याआधी शंभर नोंदी काढून कसं तपासायचं, हे समजणारा माणूस आज प्रत्येक ग्रंथालयाला हवा आहे.

काही भाग तुम्हाला खरोखरच कंटाळवाणा वाटेल. ग्रंथालयांचे प्रकार, देवघेवीच्या पद्धती, साठा-पडताळणी. ते तुम्ही आठवड्यात वाचून संपवाल. तो वाचलेला वेळ वर्गीकरण आणि तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिकांवर घाला, कारण अनुभवी माणसं नापास होतात ती तिथेच. परीक्षेत ड्यूईचे खंड समोर असतात, पण सवयीने नंबर आठवून लिहिला जातो आणि पायऱ्या दाखवल्या जात नाहीत. गुण पायऱ्यांना असतात. तुमचं विद्यापीठ ड्यूईची १९वी आवृत्ती वापरतं की २३वी, ते पहिल्याच दिवशी विचारा. चुकीच्या आवृत्तीवर सराव केला तर वाया जातो.

आणि एक सांगावंसं वाटतं. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी १९११ साली देशातला पहिला ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला तो याच बडोद्यात. गावोगावी ग्रंथालयं काढायची तर ती चालवणारी माणसं शिकलेली हवीत, हा विचार त्यामागे होता. मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी फळ्या आणि काचेची जमीन आजही आहे. ती बघायला लोक येतात. तिथली शिस्तशीर मांडणी ही शिकून आलेल्या हातांची आहे. हातात अनुभव असताना हे शिकणाऱ्याला ते दुप्पट लवकर समजतं, म्हणून तुम्ही ते शिकावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

पगार मात्र आपोआप वाढणार नाही. तुमच्या संस्थेच्या नियमांत ‘बी.लिब. झाल्यावर अमुक पद’ असं नसेल, तर डिग्री तुम्हाला दुसरीकडे जायचा रस्ता देईल, इथे वाढ देणार नाही.

प्रश्न : रेग्युलर कॉलेज परवडत नाही, नोकरी सोडता येत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून मराठीत बी.लिब. होतं असं माहेरच्यांनी सांगितलं. वडोदऱ्यात राहून करता येईल का? (कारेलीबाग)

उत्तर : तसा प्रवेश घेऊ नका. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरशिक्षण त्याच्या राज्यापुरतंच देता येतं, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. माहेरचा पत्ता घालून घेतलेला प्रवेश पुढे पडताळणीत त्रासाचा ठरतो. वडोदऱ्यातून तुमच्यापुढे तीन वाटा: महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेतला ग्रंथालयशास्त्र विभाग (नियमित), अहमदाबादचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ, किंवा इग्नू, ज्याला देशभर मुभा आहे. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे नियमित प्रवेश आता जीकॅस या एकत्रित पोर्टलवरून होतात; त्याच्या तारखा चुकल्या तर विभागात जाऊन विनवण्या करून उपयोग नाही. नियमित वर्ग तुमच्या नोकरीच्या वेळेत बसतात का, हे विभागात जाऊन वेळापत्रक बघूनच ठरवा.

दूरशिक्षणाला ‘कमी’ समजू नका. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नोकरीसाठी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. फक्त मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही. त्या अभ्यासक्रमाला, त्या सत्रासाठी हवी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. तुमच्या सत्राचं पान काढून छापून ठेवा, पाच वर्षांनी कोणी विचारलं तर कामी येतं.

दूरशिक्षणासाठी आता डेब आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो आणि त्याआधी एबीसी आयडी (क्रेडिट्सच्या खात्याचा क्रमांक), जो डिजिलॉकरमधून निघतो. आपल्याकडच्या बायकांचं घोडं इथेच अडतं. गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि ते माहेरचं. आधारवर नाव आधी आणि सासरचं आडनाव. दोन्ही जुळत नाहीत आणि अर्ज पुढे सरकत नाही. प्रवेशाची तारीख लागायच्या दोन महिने आधी विवाहनोंदणीचा दाखला किंवा गॅझेटमधला नावबदल तयार ठेवा, आणि पुढच्या सगळ्या कागदांवर एकच नाव वापरायचं ठरवा. डिग्रीवर कोणतं नाव छापून यायला हवं, हेही त्याच वेळी ठरतं.

अभ्यासाला वेळ किती? एका वर्षाच्या अशा अभ्यासक्रमाला साधारण ४० क्रेडिट्स धरा. इग्नूच्या हिशेबाने एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे वर्षाला १२०० तास, आठवड्याला तेवीसेक. ग्रंथालयात काम करणाऱ्याला एवढे लागत नाहीत, पण १२ तासांच्या खाली गेलात तर स्वाध्याय आणि परीक्षा दोन्ही लटकतात. घरात मूल दहावी-बारावीला असेल, तर ते वर्ष टाळून पुढचं घ्या. यात काही कमीपणा नाही. माध्यम इंग्रजी घ्यावं की हिंदी, असं वाटत असेल तर इंग्रजी घ्या. परिभाषा सगळी इंग्रजीतूनच वापरात आहे.

नोकरी सरकारी किंवा अनुदानित असेल तर प्रवेशाआधी लेखी परवानगी घ्या. नंतर घेतलेली परवानगी सेवापुस्तकात डिग्रीची नोंद करताना नडते.

प्रश्न : वय ५३. ट्रस्टच्या ग्रंथालयात २४ वर्षं. मुलगी म्हणते, ‘बाबा, आता तरी डिग्री घ्या.’ (रावपुरा)

उत्तर : नोकरीसाठी म्हणत असाल तर घेऊ नका. या वयात नव्या भरतीची दारं बंद झालेली असतात आणि ट्रस्ट पगार वाढवणार नसेल तर खर्च वसूल होत नाही. त्याऐवजी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचं सोलचं प्रशिक्षण काही दिवसांत होतं. त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा आणि ट्रस्टकडून रजा आणि फी मागा. एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून कोहा बसवा, पन्नास पुस्तकं चढवून बघा; ते मोफत आहे. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर ग्रंथालयशास्त्राचे कोर्स असतात, शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. शिकायची हौस म्हणून बी.लिब. करायचं असेल तर मात्र जरूर करा. मुलीचा आग्रह त्यासाठी असेल तर तिचं ऐका.

प्रश्न : आमच्या मराठी ग्रंथालयाचा मी चिटणीस आहे. दोन कर्मचारी, दोघंही पदवीधर, डिग्री नाही. संस्थेने त्यांच्या बी.लिब.ची फी भरावी का? शिकून निघून गेले तर? (वडोदरा)

उत्तर : भरावी, आणि पहिल्या वर्षी एकाचीच. दोघं एकदम परीक्षेला बसले तर जूनमध्ये ग्रंथालय बंद ठेवावं लागेल. फी दोन हप्त्यांत द्या, अर्धी प्रवेशाच्या वेळी, अर्धी निकालानंतर. परीक्षेचे दिवस पगारी रजा म्हणून लिहून द्या. दोन वर्षं राहायची अट घालायची तर ती लेखी, सोपी आणि फक्त फीपुरती ठेवा: आधी गेला तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात फी परत. मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवण्याचा प्रकार काही संस्था करतात, तो कृपा करून करू नका. माणूस अडकतो आणि मनातून जातो.

शिकून निघून जाण्याचं खरं कारण पगार असतं. निकालानंतर काय वाढ देणार ते कार्यकारिणीत आधी ठराव करून ठेवा, रक्कम लहान असली तरी चालेल. आणि शिकलेल्या माणसाला काम द्या. जुन्या नोंदी दुरुस्त करणं, लेखकनामांची फाइल बनवणं, दुर्मीळ मराठी पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये आणणं. त्याला पुन्हा नुसतं देवघेवीच्या खिडकीत बसवलंत तर तो दुसरी नोकरी शोधणारच.

प्रश्न : बारावी पास आहे. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करते. बी.लिब.ला घेतील का? (मांडवी)

उत्तर : नाही, आधी कुठलीही पदवी हवी. तोवर इग्नूचं सहा महिन्यांचं ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र बारावीवर होतं, ते करा; काम समजायला चांगलं आहे आणि अटेंडंटच्या काही जागांना धरतात. बी.ए.चा विषय कोणता, याने बी.लिब.ला फरक पडत नाही. पण टक्के ५५ च्या वर ठेवा. वरच्या पहिल्या पत्रातल्या ताईंची अडचण तुम्हाला येऊ नये.

प्रश्न : एम.लिब. ५८ टक्के. गुजरातची सेट सोपी पडेल का? मिस्टरांची बदली पुण्याला होण्याची शक्यता आहे. (अलकापुरी)

उत्तर : पुण्याची शक्यता खरी असेल तर नेटच द्या. गुजरातची सेट आपलं सयाजीराव विद्यापीठच घेतं, पण एका राज्याची सेट त्या राज्यातल्या पदांपुरतीच चालते. महाराष्ट्रात गेल्यावर तिथली सेट किंवा नेट पुन्हा द्यावी लागेल. नेटचा ग्रंथालयशास्त्राचा विषय क्रमांक ५९. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण, सगळ्या विषयांना समान. दुसरा १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. ग्रंथालयातली माणसं दुसऱ्याची तयारी जोरात करतात आणि पहिल्यातल्या आकडेमोडीवर आणि तर्काच्या प्रश्नांवर मार खातात. रोजचा अर्धा तास पहिल्या पेपरला द्या, आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. अर्ज भरताना एम.लिब.चे टक्के मार्कशीटवर जसे आहेत तसेच टाका. ग्रेड असतील तर विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र आधी मागवून ठेवा, ते यायला महिना लागतो.